स्पायनोसॉरस: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पाठीवर शीड, मगरीसारखं तोंड आणि दर काही वर्षांनी बदलणारं रूप. स्पायनोसॉरसबद्दल इतकं उलटसुलट छापून येतं, की लहान मुलांपासून मॉडेल जमवणाऱ्या मोठ्यांपर्यंत सगळेच गोंधळतात. खालच्या उत्तरांत एक पथ्य पाळलं आहे: कुठला दावा कुठल्या हाडावर उभा आहे, ते शक्य तिथे सांगितलं आहे. प्रश्न एकमेकांत गुंतलेले आहेत, म्हणून तीच गोष्ट पुन्हा न सांगता संबंधित प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. स्पायनोसॉरस म्हणजे नेमका कोणता डायनासोर? नावाचा अर्थ काय?

हा थेरोपॉड. म्हणजे टी. रेक्स, अ‍ॅलोसॉरस आणि आजचे पक्षी ज्या मोठ्या गटात येतात, त्यातलाच एक. पण टी. रेक्सचा जवळचा नातलग नव्हे. त्याचं स्वतःचं घराणं वेगळं: इंग्लंडचा बॅरिओनिक्स, नायजरचा सुकोमिमस, ब्राझीलचा इरिटेटर, लाओसचा इक्थिओव्हेनेटर हे त्याचे भाऊबंद. लांबट अरुंद तोंड आणि शंकूसारखे दात ही घराण्याची खूण. नावाचा अर्थ 'काट्यांचा सरडा', आणि हे काटे म्हणजे पाठीच्या मणक्यांवरचे उंच हाडांचे पट्टे. जातीचं पूर्ण नाव स्पायनोसॉरस इजिप्टियाकस. त्यातला दुसरा शब्द इजिप्तवरून आला, कारण पहिली हाडं तिथे मिळाली.

२. तो कधी आणि कुठे राहायचा? वाळवंटात मासे कुठून आले?

साधारण १० ते ९.५ कोटी वर्षांपूर्वी, उत्तर आफ्रिकेत. मुख्य ठिकाणं दोन: इजिप्तमधलं बहारिया मरूद्यान आणि मोरोक्कोच्या आग्नेय भागातला केम केम परिसर. आज दोन्हीकडे रेती आणि उघडे कडे आहेत, पण तेव्हा तिथे मोठ्या नद्या, दलदल आणि खाडीमुखं होती. केम केमच्या खडकांत करवत्या माशांसारखा अवाढव्य ऑन्कोप्रिस्टिस, फुप्फुसमासे, सीलाकँथ, कासवं आणि मगरींचे अनेक प्रकार मिळतात. शाकाहारी डायनासोरांची हाडं त्या मानाने कमी. खाद्य पाण्यातच जास्त होतं, एवढं ध्यानात घेतलं की या प्राण्याच्या बऱ्याच चमत्कारिक गोष्टी चमत्कारिक वाटत नाहीत.

३. पहिला सांगाडा बॉम्बहल्ल्यात नष्ट झाला, हे खरं का?

खरं आहे. १९१२ मध्ये रिखार्ड मार्कग्राफ या जीवाश्म गोळा करणाऱ्याला बहारियात काही हाडं मिळाली. ती म्युनिकला गेली आणि जर्मन जीवाश्मशास्त्रज्ञ एर्न्स्ट श्ट्रोमर यांनी १९१५ मध्ये त्यांचं वर्णन छापून प्राण्याला नाव दिलं. त्यात खालच्या जबड्याचा भाग, काही दात, मणके, बरगड्या आणि तो प्रसिद्ध उंच काटा होता. सर्वांत उंच काटा १.६५ मीटरचा, म्हणजे उभ्या माणसाएवढा.

दुसरं महायुद्ध सुरू झाल्यावर श्ट्रोमर यांनी संग्रह सुरक्षित जागी हलवावा म्हणून तगादा लावला होता. संग्रहाचे प्रमुख कार्ल बॉयर्लेन नाझी पक्षाचे. त्यांनी ते मानलं नाही. २४-२५ एप्रिल १९४४ च्या रात्री ब्रिटिश विमानांनी म्युनिकवर बॉम्ब टाकले आणि इमारतीबरोबर स्पायनोसॉरसही गेला. बहारियातले इतर डायनासोरही त्याच आगीत गेले.

मात्र सगळंच गेलं, असं म्हणणं बरोबर नाही. श्ट्रोमर यांनी प्रत्येक हाडाची मापं आणि रेखाचित्रं बारकाईने छापली होती. शिवाय मूळ हाडांचे दोन फोटो पुढे सापडले आणि २००६ मध्ये प्रसिद्ध झाले. रेखाचित्रं बरीच विश्वासार्ह होती, हे त्या फोटोंवरून पडताळता आलं.

४. हाडं जळाली, तर आज संशोधक कशाच्या जोरावर बोलतात?

मुख्यतः मोरोक्कोतल्या एका अर्धवट सांगाड्याच्या जोरावर. काही हाडं स्थानिक माणसाने खणून काढली होती. त्यातली काही मोरोक्कोत, काही इटलीत मिलानच्या संग्रहालयात पोहोचली. जीवाश्मशास्त्रज्ञ निझार इब्राहिम यांनी दोन्हीकडची हाडं जुळवली आणि २०१३ मध्ये त्या खणणाऱ्याला शोधून मूळ खड्डा गाठला. २०१४ मध्ये या सांगाड्याचं वर्णन प्रसिद्ध झालं. मूळ नमुना नष्ट झाला असेल, तर प्राणिनामांच्या आंतरराष्ट्रीय नियमांनुसार त्याच्या जागी दुसरा नमुना नेमता येतो. त्याला निओटाइप म्हणतात, आणि हा सांगाडा निओटाइप म्हणून मांडला गेला. तो कासाब्लांकातल्या विद्यापीठाच्या संग्रहात आहे.

एक शंका रास्त आहे आणि ती तज्ज्ञांनीही घेतली: हाडं वेगवेगळ्या हातांतून आली, मग ती एकाच प्राण्याची कशावरून? उत्तर असं: त्याच खड्ड्यात पुन्हा खोदकाम झालं आणि तिथून आणखी हाडं निघाली, त्यात शेपटीचे तीसहून जास्त मणके. एकही हाड दोनदा आलेलं नाही, आकार एकमेकांशी जुळतात आणि हाडं कापून पाहिल्यावर वाढीची अवस्थाही एकच दिसते. हा प्राणी अजून पुरता वाढलेला नव्हता.

याखेरीज सुटी हाडं आहेत. त्यातलं सर्वांत महत्त्वाचं म्हणजे मिलानच्या संग्रहालयातलं सुमारे ९९ सेंटिमीटर लांबीचं तोंडाचं टोक.

५. लांबी किती, वजन किती? प्रत्येक ठिकाणी वेगळा आकडा का?

आजचा बऱ्यापैकी सर्वमान्य अंदाज: सुमारे १४ मीटर लांब, ७ टनांच्या थोडं वर. २०२२ च्या एका सविस्तर त्रिमितीय प्रतिकृतीतून हाच आकडा निघाला.

फरक का पडतात, ते पाहा. २००५ मध्ये मिलानच्या त्या तोंडाच्या टोकावरून कवटी १.७५ मीटरची धरली गेली आणि तिच्यावरून शरीर १६ ते १८ मीटर. म्हणजे एका हाडावरून कवटी, कवटीवरून धड, अशी दोन पायऱ्यांची उडी. प्रत्येक पायरीला दुसऱ्याच प्राण्याचं प्रमाण उसनं घेतलं होतं. २००७ मध्ये कवटीच्या लांबीवरून वजन काढायच्या एका सूत्राने १२ ते २१ टन असा आकडा दिला. पण ते सूत्र आखूड, उंच कवटीच्या शिकारी डायनासोरांवर बेतलेलं होतं. लांब तोंडाच्या प्राण्याला ते लावलं की वजन फुगतं. '१८ मीटर, २० टन' असं कुठे वाचलंत, तर ते बहुधा याच दोन आकड्यांची खिचडी असते.

६. स्पायनोसॉरस आणि टी. रेक्स लढले असते, तर कोण जिंकलं असतं?

ते कधी भेटलेच नाहीत. टी. रेक्स उत्तर अमेरिकेत ६.८ ते ६.६ कोटी वर्षांपूर्वी होता. दोघांत एक महासागर आणि अडीच कोटींहून जास्त वर्षं आहेत.

तरीही तुलना हवीच असेल, तर शरीरांची करता येते. लांबीत स्पायनोसॉरस पुढे: 'स्यू' हा टी. रेक्सचा प्रसिद्ध सांगाडा १२.३ मीटरचा आहे. वजनात टी. रेक्स बरोबरीचा किंवा जड. चाव्यात तर स्पर्धाच नाही. टी. रेक्सच्या चाव्याची ताकद संगणकीय प्रतिकृतींत ३५,००० न्यूटनच्या वर जाते आणि त्याचे जाड दात हाडं फोडायचे. स्पायनोसॉरसचे दात निसटणारी शिकार पकडून ठेवायला बनले आहेत. जमिनीवर पैज लावायची तर टी. रेक्सवर लावा. २००१ च्या 'ज्युरासिक पार्क ३' मध्ये स्पायनोसॉरस त्याची मान मोडतो. नवा खलनायक मोठा दाखवायचा, तर जुन्याला पाडावंच लागतं. तिथे पटकथेची गरज जिंकली. २०१५ च्या 'ज्युरासिक वर्ल्ड' मध्ये टी. रेक्स स्पायनोसॉरसच्या मांडलेल्या सांगाड्यातून धडक मारत बाहेर येतो. तो हिशेब चुकता केल्याचं चाहत्यांच्या लगेच लक्षात आलं.

७. पाठीवर शीड होती की वशिंड? आणि उपयोग काय?

बहुतेकांचं मत शिडीच्या बाजूने आहे. १९९७ मध्ये वशिंडाची कल्पना मांडली गेली, ती गव्यासारख्या प्राण्यांवरून: त्यांच्या खांद्यावरच्या मणक्यांनाही उंच काटे असतात आणि त्यावर स्नायू-चरबीचा उंचवटा असतो. पण स्पायनोसॉरसचे काटे वरच्या टोकाकडे पातळ आणि घट्ट हाडाचे आहेत. जाड स्नायू धरून ठेवायला लागणाऱ्या खुणा तिथे ठळक नाहीत. कातडी काट्यांवर ताणून बसलेली असावी.

उपयोगाबद्दल तीन तर्क चालतात: अंगाचं तापमान सांभाळणं, चरबी साठवणं आणि दिखावा. हाडात रक्तवाहिन्यांच्या खुणा फारशा नाहीत, त्यामुळे तापमानाचा तर्क लंगडा पडतो. दिखावा, म्हणजे जोडीदाराला किंवा प्रतिस्पर्ध्याला 'मी आहे' हे दुरून दाखवणं, सर्वांत पटणारा. पाण्यात अंग बुडालं तरी शीड वर दिसत राहते. शिडीचा नेमका आकार मात्र ठरलेला नाही, कारण काट्यांची सलग रांग कुणालाच मिळालेली नाही.

८. तो फक्त मासेच खायचा का?

मुख्यतः मासे, पण 'फक्त' नव्हे. दात शंकूसारखे, कडांवर करवतीचे दाते नाहीत, जबड्याच्या टोकाशी माशाला जखडणारा फुगवटा आणि त्यामागे खाच. मगरींत अशीच रचना दिसते. पोटातल्या अन्नाचा पुरावा मात्र नातलगाकडून मिळतो. बॅरिओनिक्सच्या सांगाड्यात माशांचे खवले मिळाले, आणि सोबत लहान इग्वानोडॉनसारख्या डायनासोरची हाडंही. ब्राझीलमध्ये एका उडत्या टेरोसॉरच्या मानेत या घराण्यातल्या प्राण्याचा दात रुतलेला सापडला. समोर येईल ते सोडायचं नाही, असा हिशेब.

९. तो पोहायचा की नाही, ते एकदाचं सांगा.

पाण्याशी बांधलेला होता, यावर एकमत आहे. भांडण आहे ते 'बुडी मारून पाठलाग करायचा, की काठाशी उभा राहून झडप घालायचा' यावर. दोन्ही बाजूंचे पुरावे हाडांचेच आहेत, म्हणून नीट समजून घ्या.

पोहण्याच्या बाजूने: २०२० मध्ये प्रसिद्ध झालेली शेपटी. मणक्यांवर आणि खाली लांब, बारीक काटे, त्यामुळे शेपटी उभ्या वल्ह्यासारखी. तिच्या आकाराचं यंत्र पाण्यात हलवून पाहिलं, तेव्हा जमिनीवरच्या थेरोपॉडांच्या शेपट्यांपेक्षा तिने बरंच जास्त ढकललं. मांडीचं हाड जवळजवळ भरीव आहे. बहुतेक थेरोपॉडांत ते पोकळ असतं. पेंग्विनसारख्या बुडी मारणाऱ्या प्राण्यांत अशी जड हाडं दिसतात. २०२२ च्या एका अभ्यासात बॅरिओनिक्सची हाडंही भरीव निघाली, सुकोमिमसची मात्र पोकळ. दातांमधले ऑक्सिजनचे समस्थानिकही (वेगवेगळ्या वजनाचे अणू) मगरी-कासवांशी जुळतात, म्हणजे प्राणी दिवसाचा बराच वेळ पाण्यात किंवा पाण्याजवळ काढायचा.

विरोधात: २०१८ च्या संगणकीय प्रतिकृतीत हा प्राणी सहज बुडतच नाही आणि पाण्यात एका कुशीवर कलतो. शीड पाण्याला अडते. २०२२ च्या दुसऱ्या अभ्यासात पृष्ठभागावर पोहण्याचा वेग सेकंदाला एक मीटरहून कमी आला. तेवढ्यात माशाचा पाठलाग होत नाही. भरीव हाडांवरच्या आकडेमोडीतही २०२४ मध्ये संख्याशास्त्रीय चुका दाखवल्या गेल्या.

आमचा कल असा: काठावर, उथळ पाण्यात चालत शिकार करणारा, गरज पडली तर पोहून पात्र ओलांडणारा. बगळा आणि मगर यांच्या मधे कुठेतरी. 'पूर्ण जलचर' हे विशेषण आत्ता तरी वापरू नये. केम केमच्या एका थरातल्या सुमारे १,२०० दातांपैकी ४५ टक्के स्पायनोसॉरसचे होते, हा आकडा जलचर असल्याचा पुरावा म्हणून सांगितला जातो. पण असे प्राणी आयुष्यभर दात पाडतात. नदीकाठी उभा राहणाऱ्याचेही दात नदीतच पडणार.

१०. तो चार पायांवर चालायचा, असं मध्यंतरी वाचलं होतं.

ते २०१४ चं. मागचे पाय आखूड निघाल्यामुळे शरीराचा तोल पुढे जातो, म्हणून पुढचे पाय टेकत असावेत, असा तर्क होता. नंतरच्या प्रतिकृतींत तोल पुन्हा कमरेजवळ आला. शिवाय थेरोपॉडांचे पंजे तळवा जमिनीला लागेल असे वळतच नाहीत. दोन पायांवर चालायचा, असंच धरा. एक ध्यानात असू द्या: स्पायनोसॉरसचा पूर्ण पुढचा पाय कुणी पाहिलेला नाही. चित्रांत दिसतो तो बॅरिओनिक्स-सुकोमिमसवरून उचललेला असतो.

११. २००१ च्या चित्रपटातला स्पायनोसॉरस कितपत बरोबर होता?

त्या काळच्या ज्ञानाच्या मानाने वाईट नव्हता. चुका: तोंड फार जाड, मागचे पाय लांब आणि दणकट, शेपटी साधी निमुळती, पंजे तळवे खाली करून धरलेले. तळवे एकमेकांकडे, टाळी वाजवायच्या बेतात असल्यासारखे हवेत. यातल्या पाय आणि शेपटीच्या चुकांचा दोष चित्रपटाला देता येत नाही. ती हाडं तेव्हा मिळालीच नव्हती. गंमत अशी, की त्यात तो नदीत पोहून बोटीवर हल्ला करतो. पुढची वीस वर्षं संशोधक ज्यावर वाद घालणार होते, ते दृश्य पडद्यावर आधीच आलं होतं. २०२५ च्या 'ज्युरासिक वर्ल्ड रीबर्थ' मध्ये शेपटी वल्ह्यासारखी झाली, पण मोसासॉरस या समुद्री सरपटणाऱ्या प्राण्याच्या साथीने उघड्या समुद्रात शिकार करणं ही कल्पनाच. चित्रपटातली लढाई आणि पोहण्याचा वाद यांसाठी प्र. ६ आणि ९ पाहा.

१२. मॉडेल किंवा चित्र नव्या माहितीप्रमाणे आहे की जुनं, कसं ओळखायचं?

शेपटीपासून सुरुवात करा. उंच, चपटी, वल्ह्यासारखी शेपटी असेल तर ते २०२० नंतरचं. शेपटी निमुळती पण मागचे पाय आखूड असतील तर २०१४ ते २०२० मधलं. लांब पायांचा आणि अर्धगोल शिडीचा असेल तर त्याआधीचं. मग तोंड पाहा: नाकपुड्या टोकाला नकोत, बऱ्याच मागे, डोळ्यांच्या दिशेला हव्यात. मागच्या पायाची चारही बोटं जमिनीला टेकलेली हवीत. इतर बहुतेक थेरोपॉडांत पहिलं बोट वर उचललेलं असतं.

मापाचा हिशेब सोपा. १४ मीटरचा प्राणी १:४० प्रमाणात ३५ सेंटिमीटर येतो, १:३५ मध्ये ४० सेंटिमीटर. लांबी नाकापासून शेपटीच्या टोकापर्यंत, पाठीच्या वळणावरून दोरा ठेवून मोजा. सरळ पट्टी लावली तर वळलेल्या शेपटीमुळे माप कमी भरतं आणि प्रमाण चुकतं. ताडून पाहायला शीड घ्या: १.६५ मीटरचा काटा १:४० मध्ये चार सेंटिमीटरच्या थोडा वर. शीड त्याच्या दुप्पट असेल, तर शिल्पकाराने हात सैल सोडला आहे.

१३. स्पायनोसॉरसचे दात विकत मिळतात. ते खरे असतात का?

दात बहुधा खरे, अखंड असणं मात्र दुर्मीळ. मोरोक्कोतून हे दात भरपूर निघतात आणि त्यातले पुष्कळ जोडकाम केलेले असतात: एकाचं टोक, दुसऱ्याचं मूळ, मधली फट गोंद आणि वाळूच्या लगद्याने भरलेली. तपासायचा क्रम असा ठेवा.

आधी दहापट भिंगातून पाहा. खऱ्या दातावर टोकाकडून मुळाकडे जाणाऱ्या बारीक उभ्या रेघा असतात आणि भेगा एका भागातून पुढच्या भागात सलग जातात. भेग अचानक थांबली, रेघांची दिशा बदलली किंवा इनॅमलच्या जागी वाळूचा पट्टा आला, तर तिथे जोड आहे. मग अंधारात ३६५ नॅनोमीटरची अतिनील बॅटरी मारा. गोंद बहुधा निळसर-पांढरा चमकतो, हाड वेगळं दिसतं. तरीही शंका राहिली, तर कापसाच्या काडीवर अ‍ॅसिटोन घेऊन जोडावर हलकेच फिरवा. चिकट झालं किंवा वाळू सुटली, तर भरणा आहे. हे उघड्या हवेत, ज्योतीपासून दूर करा. आणि आख्खा दात बुडवू नका: ठिसूळ जीवाश्म टिकवायला वापरलेलं राळेचं पातळ लेपनही अ‍ॅसिटोनने विरघळतं. ते लेपन ही फसवणूक नव्हे.

खडकात बसवलेला आख्खा जबडा स्वस्तात दिसला, तर तपासणीचीही गरज नाही. सुटे दात लगद्यात रांगेने खोचणं हा जुना धंदा आहे. शिवाय मोरोक्कोतून जीवाश्म बाहेर न्यायला परवाना लागतो. विक्रेत्याकडे कागद मागा.

१४. माझ्याकडचा दात खरा आहे. मग त्यावर 'स्पायनोसॉरस' अशी चिठ्ठी का लावू नये?

कारण सुट्या दातावरून घराणं ओळखता येतं, जात ठामपणे नाही. चिठ्ठीवर 'स्पायनोसॉरिड (म्हणजे या घराण्यातला), केम केम' लिहा. केम केममध्ये या घराण्याच्या एकाहून जास्त जाती होत्या का, हा वाद जुना आहे: १९९६ मध्ये तिथल्या मणक्यांवरून सिगिलमासासॉरस आणि 'स्पायनोसॉरस मॅरोकॅनस' अशी दोन नावं देण्यात आली. काहीजण ती मानतात, काहीजण सगळं स्पायनोसॉरस इजिप्टियाकसमध्ये मोजतात. दोन घोटाळे मात्र टाळता येतात. कडांवर करवतीसारखे स्पष्ट दाते आणि चपटा आकार असेल, तर तो कार्कॅरोडॉन्टोसॉरससारख्या शिकाऱ्याचा. लहान, आखूड, जास्त वाकलेला असेल, तर मगरीची शक्यता तपासा.

१५. डायमेट्रोडॉन त्याचा नातलग ना? शीड तर सारखीच.

नाही. डायमेट्रोडॉन डायनासोरच नव्हे; तो सस्तन प्राण्यांच्या शाखेचा आणि स्पायनोसॉरसच्या १७ कोटींहून जास्त वर्षं आधीचा. आपण त्याला स्पायनोसॉरसपेक्षा जवळचे आहोत.

१६. इरिटेटर हे असलं नाव कुणी ठेवलं?

वैतागलेल्या संशोधकांनी. इरिटेटर म्हणजे वैताग आणणारा. ब्राझीलमधली ती कवटी संग्रहालयात येण्याआधी विक्रेत्यांनी तोंड लांब दिसावं म्हणून भरणा करून 'सुधारली' होती. भरणा काढताना झालेला मनस्ताप १९९६ मध्ये नावात उतरला. प्र. १३ मधला लगदा जाणकारांनाही चकवतो तो असा.

१७. संग्रहालयातला सांगाडा खऱ्या हाडांचा असतो का?

स्पायनोसॉरसच्या बाबतीत उभा पूर्ण सांगाडा म्हणजे प्रतिकृती. मिळालेली हाडं स्कॅन करून एका मापाला आणतात, नसलेली नातलगांवरून घडवतात आणि हलक्या साहित्यात ओततात. चांगल्या प्रदर्शनात सोबत एक आकृती असते, तिच्यात मिळालेली हाडं वेगळ्या रंगात दाखवतात. सांगाड्याआधी ती आकृती पाहावी.

१८. अंगावर पिसं होती का?

या घराण्यातल्या कुठल्याही प्राण्याच्या कातडीचा पिसं दाखवणारा ठसा मिळालेला नाही. उष्ण प्रदेशातला, पाण्याजवळचा, सात टनांचा प्राणी म्हणून चित्रकार त्याला उघड्या कातडीचा काढतात. रंग सगळे चित्रकाराचे.

१९. स्पायनोसॉरसचं पिल्लू सापडलं आहे का?

त्याचं एक नख सापडलं आहे. २०१८ मध्ये केम केममधल्या पायाच्या बोटाच्या एका नखाचं वर्णन झालं: लांबी जेमतेम २१ मिलिमीटर, आकार मोठ्या प्राण्याच्या नखासारखाच, खालून सपाट. त्यावरून पिल्लाची लांबी सुमारे १.७८ मीटर धरली गेली. प्र. ५ मधली एका हाडावरून आख्ख्या शरीरावर जाणारी उडी इथेही आहे, फरक इतकाच, की आधाराला निओटाइपचा पाय होता आणि तो त्याच जातीचा होता.